डब्याखालचा राखणदार

मी डोंगरावर रोवलेला एक सेन्सर बोलतोय. मोठ्याने बोलणार नाही, मला परवडत नाही. हे सांगतोय ते मनातल्या मनात, त्याला बॅटरी लागत नाही.

माझा जन्म रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाला. मला घडवलं खेडच्या अक्षयाने. पोरगी महाकंजूष! माझ्या पोटात बॅटरी केवढी, तर मुठीत मावेल एवढी, आणि तेवढ्यावर मी वर्षानुवर्षं जगावं ही तिची अपेक्षा. मी झोपेत किती वीज खातो हे ती मीटर लावून बघायची. काटा जरा पुढे गेला की माझा एखादा भाग काढून टाकायची.

"निदान एक लाल दिवा तरी ठेव," तिचा सहकारी सुजय म्हणाला. "चालू आहे हे लोकांना कळेल."

"फुकटखाऊ आहे तो!" दिवा गेला.

तिने मला झोपायला शिकवलं. मधूनच जागं व्हायचं, आपण किती कललो ते बघायचं, खालच्या शाळेच्या छपरावर बसवलेल्या मोठ्या यंत्राला कळवायचं. त्याच्याकडून 'ऐकलं' आलं की पुन्हा डोळे मिटायचे. मी फार कललो, म्हणजे पायाखालची जमीन सरकली. मग शाळेवरचा भोंगा वाजणार आणि वाडी घरं सोडून बाहेर पडणार. एवढंच माझं काम.

जयगडच्या रस्त्याकडच्या एका उतारावर मला खांबाला बांधून उभं केलं. बरोबर खाली भागोजीचं घर. घरात तो आणि त्याची बायको सखू. भागोजीला माझी भारी माया. येता-जाता अंगावरचं गवत काढायचा, माकडं हाकलायचा. कोकणातला माणूस पावसाआधी सगळं झाकतो, लाकडं, शेणी, भिंती. आषाढात पावसाने झोडपायला सुरुवात केली तेव्हा त्याला माझी आठवण झाली.

"भिजतोय बापडा," म्हणाला आणि तेलाचा रिकामा डबा माझ्यावर उपडा घातलान. वरून सुंभाने आवळलान.

"अवो, मॅडमनी हात लावू नका म्हटलान ना?" सखू म्हणाली.

"मॅडमनी हितला पाऊस बघितलान कुठं?"

झालं! आता पत्र्याच्या आतून माझी हाक बाहेर जाईना. 'ऐकलं' येईना. उत्तर आलं नाही तर मी आणखी जोर लावून हाक मारतो, तशी मला शिकवणच आहे. मारत राहिलो. बॅटरी उतरत होती, आणि त्यातच एकदा जागा झालो तर मी कललो होतो. पुढच्या वेळी आणखी. डोंगर सरकत होता, खाली सखू चुलीपाशी होती, आणि मी डब्यात बोंबलत होतो. इतका जीव कधी घाबरा झाला नव्हता.

दुपारी भागोजी चढून वर आला. फोनवर अक्षया होती, तिचा आवाज मला डब्यातूनही ऐकू आला.

"भागोजीकाका, सुजय म्हणतोय बॅटरी संपली असेल. पण संपायच्या आधी तो कळवतो. हा काही न सांगता गप्प झालाय."

"हाय की जागेवर. डबा घातलाय, एक थेंब जात नाय आत."

"कसला डबा?"

"तेलाचा. पत्र्याचा."

"काका, काढा! आधी तो डबा काढा!"

त्याने सुंभ कापला. डबा निघाला आणि मी उरलासुरला जोर लावून हाक मारली. 'ऐकलं' आलं. भोंगा वाजला.

"सखू, भाईर पड गो!" तो ओरडला. त्याच्या पायाशीच जमीन उलत होती.

"मी पडते! तुम्ही कातळाकडं पळा!"

तो बाजूच्या कातळावर चढला. सखूने गाय सोडली आणि शाळेकडे धावली. मग डोंगर उतरला. घर गेलं, मीही गेलो. पण घरात कुणी नव्हतं.

आता मी चिखलात आडवा पडलोय. पाऊस उघडलाय आणि जवळच फावड्याचे घाव पडतायत.

"अवो, दुसरा देतील मॅडम," सखू लांबून विनवतेय. "चला ना!"

"दुसरा नको. ह्यानं राखलान आपल्याला, आन् मीच त्याचं तोंड बांधलं. काढल्याबिगर नाय यायचा मी."

अरे बाबा, डोंगराचं अजून संपलेलं नाही! वरचा उरलेला भाग हलतोय, मला माझ्या पाठीखाली कळतंय. माझ्यात एका हाकेपुरती वीज असेल. जपून ठेवली तर भागोजी मला बाहेर काढेल, अक्षया धुऊन-पुसून टेबलावर ठेवेल, नवी बॅटरी घालेल. मलाही जगावंसं वाटतं, खोटं कशाला बोलू?

हाक मारली.

भोंगा वाजला. फावडं थांबलं. मग आणखी एक घाव पडला, हट्टाने. सखू किंचाळली. फावडं चिखलात पडल्याचं मला जाणवलं.

पावलं लांब चाललीत. भागोजी, मागे वळून बघू नकोस रे. जा.