यादीतलं सातवं नाव

वादळांना नावं देतात म्हटलं की लोकांना वाटतं, कोणी विद्वान खिडकीशी बसून विचार करत असेल. कसलं काय! यादी छापून तयार असते. समुद्रावरचा वारा ताशी बासष्ट किलोमीटरवर गेला, की वेधशाळेत ज्याची पाळी असेल त्याने पुढचं नाव टाइप करायचं. सहा वर्षांनी तीच यादी पुन्हा पहिल्यापासून. एखाद्या वादळाने फार माणसं मारली तरच त्याचं नाव कायमचं खोडतात.

त्या दुपारी पाळी थोरलीची होती. घरातली थोरली सून, म्हणून ऑफिसातही ती थोरलीच. यादीत पुढचं नाव सातवं होतं. सहा वर्षांपूर्वी याच नावाच्या वादळात तिचा नवरा बोटीसकट गेला होता. तेव्हा पाळीवरच्या साहेबांनी 'वाऱ्याचा आणखी एक आकडा येऊ दे' म्हणत नाव न देता तासभर वाट पाहिली. बिननावाच्या वाऱ्याला कोण भीक घालतो? नवरा जाळी घेऊन निघाला. अहवालात नोंद झाली, मृत: एक.

पंधरा दिवसांनी ती कामावर आली, तर पहिलाच कागद पुढ्यात: हे नाव खोडावं का? एका माणसासाठी नाव खोडत नाहीत, हा नियम तिला तोंडपाठ. 'गरज नाही' असं लिहून तिने सही केली आणि चहा प्यायली. वाईट वाटलं नाही. काहीच वाटलं नाही, आणि तेव्हापासून जे वाटेनासं झालं ते आजतागायत.

"थोरले, ऊठ तू," नकाशे काढणारे काका म्हणाले. "तासाभरात माझी पाळी. नाव मी टाकतो. तुझ्या हातून कशाला?"

"आकडा किती आलाय?"

"त्रेसष्ट. पण एकच आलाय. साहेब म्हणतील, घाई केली."

"म्हणू देत. बंदरात चाळीस बोटी सुटायच्या बेतात आहेत."

तिने नाव टाइप केलं. काका उगाच पेन्सिलीला टोक काढत बसले. पाच मिनिटांत बंदरातून फोन आला, की नाव कळताच सगळ्यांनी दोर पुन्हा बांधले.

दुसऱ्या दिवशी वादळ आलं. छपरं उडाली, झाडं आडवी झाली, पण 'मृत' या रकान्यात शून्य आलं. ते लिहून थोरलीने सासूबाईंना फोन लावला. या माउलीने सहा वर्षं घरात ते नाव कोणाला उच्चारू दिलं नव्हतं.

"आई, सगळे सुखरूप आहेत."

"एकही गेला नाही?"

"नाही."

"मग ते मेलं नाव आता तरी खोडतील का गं?"

"नाही, आई. माणसं गेली तरच खोडतात. सहा वर्षांनी परत येईल." आणि मग थोरली बोलून गेली, "मागच्या वेळी गरज नाही असं मीच लिहिलं होतं."



"ठाऊक आहे मला," म्हातारी म्हणाली. "तुझ्या साहेबांनी तेव्हाच सांगितलं होतं. तुझ्या तोंडाकडे बघवेना, म्हणून विषय काढला नाही. पुढच्या वेळीही पाळीवर तूच बस."

थोरली हो म्हणाली, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा फोनवरच रडली.