उकळलेलं पाणी कोणासाठी?

गल्लीभर गाद्यांचाच धंदा. पुढे कारखाना, मागे दोन खोल्यांचं घर. दिवसभर कापूस पिंजायचा म्हणजे नाकात तंतू जायचेच. काम आटोपलं की घरोघरी तोटीच्या भांड्याने नाक धुणं चाले; ह्या घरात सासरे, दोन्ही मुलगे आणि सून धुवायचे. पाणी उकळून गार केलेलंच हवं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उकळायचं काम अर्थातच सुनेचं. आधी सासरे, मग नवरा, मग दीर. तिची पाळी येईपर्यंत पातेलं रिकामं.

"आई, मोठ्या पातेल्यात उकळू का?" तिने सासूबाईंना विचारलं.

"मोठं पातेलं कशाला घासत बसतेस? तुला टाकीचं चालेल की."

गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात तापत असे. तेच पाणी सून वापरायची. सासूबाई दुष्ट नव्हत्या हो. सुनेने शेवटी राहायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. त्याही तशाच राहिल्या होत्या.

सोमवारी तिचं डोकं ठणकू लागलं. "कामाच्या वेळीच बरं दुखतं वहिनीचं!" दीर हसला. मंगळवारी ताप, उलट्या. बुधवारी मान वळेना, नवऱ्याला ओळखेना, तेव्हा कुठे हॉस्पिटल.

"नाक कोणत्या पाण्याने धुता?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"उकळलेल्या. आम्ही सगळेच," नवरा म्हणाला.

"ह्या पण?"

तो आईकडे वळला. इतक्या वर्षांत त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

"ती टाकीचं घ्यायची," सासूबाई पुटपुटल्या. "मीच सांगितलं होतं."

"अशा कोमट पाण्यात अमिबा असू शकतो. पोटात गेला तर हा आजार होत नाही, पण नाकातून थेट मेंदू गाठतो. क्वचितच होतं, झालं तर वाचणं फार कठीण. पाणी उकळलं असतं तर तो मेला असता."

शनिवारी ती गेली.

भेटायला सगळी गल्ली लोटली. "मेंदूत ताप गेला," सासरे सांगत होते. "नशीब तिचं, दुसरं काय!"

नवऱ्याला ते ऐकवेना. "बाबा, नशिबाला कशाला बोल लावता? चांगलं पाणी आपण संपवलं. लाज वाटते मला." मग तो जमलेल्या पुरुषांकडे वळला. "तुमच्याकडे शेवटी कोण नाक धुतं? कोणत्या पाण्याने?"



"टाकीच्या," दाराशी बसलेली एक बाई म्हणाली.

"मी पण," दुसरी म्हणाली. मग तिसरी.

त्यांचे नवरे समोरच बसले होते.