लाकडात गाणारी

“मागे हो, सुन्निवा. घोड्यापाशी जाऊन उभी राहा.”

बाबांचा हा आवाज ऐकून आता किती हिवाळे उलटले होते. तरी आज प्लगला शेवटचा वेढा देताना तो सुन्निवाच्या कानात पुन्हा उमटला, तसाच, थंडीनं जरासा बसलेला. तिनं पाना टेबलावर ठेवला, बोटं कपड्याला पुसली आणि समोरच्या करवतीकडे पाहिलं.

बाबांची चेनसॉ. उचलायला दोन दणकट हात लागावेत असं धूड. हिरवा रंग मुठीपाशी झिजून आतला धातू रुप्यासारखा उघडा पडलेला. सगळं उघडून, घासून, जोडून झालं होतं. त्या झिजेवर मात्र रंग चढवायचा नाही, हे बहीणभावांनी न बोलताच ठरवलं होतं.

सभागृहामागच्या कुरणावर जुन्या करवतींचा मेळा भरला होता. लाल, पिवळ्या, नारिंगी म्हाताऱ्या टेबलांवर ओळीनं बसल्या होत्या आणि त्यांचे मालक लग्नघरातल्या माणसांसारखे उगीचच इकडून तिकडे फिरत होते. गोड, जाळीदार वाफल भाजल्याचा वास आणि पेट्रोलचा वास एकमेकांत मिसळून गेले होते. खाली ग्लोमा नदी उन्हात चमकत होती.

“काय आर्नफिन,” मेळ्याचा प्रमुख तोरगेर कॉफीचा कप हलवत आला, “म्हातारीला उठवायचं आहे, की नुसतं न्हाऊमाखू घालायचं?”

“उठवायचं आहे. दोरी तू ओढ,” सुन्निवाचा धाकटा भाऊ म्हणाला. “माझा खांदा धरलाय.”

“तुझा खांदा बरोबर दोरी ओढायच्या वेळेला धरतो. वाफल उचलताना बरा असतो.”

आर्नफिन हसला आणि खरंच वाफल उचलून दोन पावलं मागे सरला. सुन्निवानं ते पाहिलं, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कोठारात, गवताखाली, वर्षानुवर्षं निजलेली ही करवत. तिच्या धुराड्यात उंदरानं घरटं केलं होतं. कार्बुरेटरमधला पडदा वाळल्या पानासारखा कडक झाला होता. आर्नफिननं नवा कापून बसवला, डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून. पिस्टन तर फिनलंडमधल्या एका म्हाताऱ्याकडून आला. हा शेवटचा, याच्यानंतर मागू नका, असं त्यानं फोनवर बजावलं होतं. हा जळला की बाबांची करवत कायमची मुकी.

तोरगेरनं बूट मुठीत अडकवला आणि दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. करवतीनं नुसता उसासा टाकला.

“जरा थांब, तिला दम घेऊ दे,” सुन्निवा म्हणाली. तिनं हवेची झडप अर्धी उघडली. “आता.”

दोरी सणकन आली. एक खोकला, निळ्या धुराचा एक गोळा, मग दुसरा खोकला, आणि एकदम सगळं कुरण थरथरलं. टेबलावरचे कप किणकिणले. कुणीतरी टोपी काढून हवेत हलवली. सुन्निवाच्या अंगावर काटा उभा राहिला. तोच आवाज. बर्फातून, झाडांमधून, घोड्याच्या उबदार मानेवर कान टेकून ऐकलेला. स्वार्तेन घोड्याचा लगाम धरून ती उभी असायची, आणि बाबांची करवत दूर रानात बोलायची. कुठे गाठ लागली, कुठे लाकूड ओलं निघालं, केव्हा झाड पडणार, सगळं तिला तिथूनच कळायचं. आर्नफिन तेरा-चौदाचा झाला तेव्हा बाबांनी करवत त्याच्या हाती दिली. सुन्निवा त्याच्याहून मोठी होती. ती घोड्यापाशीच राहिली.

तोरगेर आता पेचकस घेऊन कार्बुरेटरची सुई फिरवत होता. जरा आत, आणखी जरा आत. फटफट विरत गेली, आवाज सलग झाला, चढला, बारीक झाला, तारेसारखा ताणून गाऊ लागला. लोक टाळ्या वाजवू लागले.

“ऐका, ऐका,” तोरगेर ओरडला. “कशी गातेय बघा पोरगी.”

सुन्निवानं हात घातला आणि बटण दाबून करवत बंद केली.

टाळ्या अर्ध्यातच राहिल्या.

“अगं, वेड लागलं का तुला? आत्ता कुठे सूर लागला होता.”

“म्हणूनच बंद केली,” सुन्निवा म्हणाली. “लाकूड न कापता, नुसत्या हवेत सूर लागला म्हणजे तिला पेट्रोल पुरत नाहीये. पेट्रोल नाही म्हणजे त्यात कालवलेलं तेलही नाही. आणखी थोडा वेळ गायली असती, तर पिस्टन चिकटला असता.”

तोरगेरनं कान खाजवला. “माझी अशीच सूर लावून असते.”

“तुझी नव्या जमान्यातली आहे. तिला कमी तेलावर जगायची सवय आहे. ही हवेत तोतरं बोलायची. लाकडात शिरली की मग गायची.”

“तुला काय माहीत? तू तर घोडा धरायचीस.”

“घोडा धरून दुसरं करायचं काय? ऐकतच होते.”

लोक हसले. तोरगेरही हसला आणि पेचकस तिच्या हातात ठेवला. “घे बाई. जाळलीस तर फिनलंडच्या म्हाताऱ्याला फोन तूच करायचा.”

करवत पुन्हा सुरू झाली. सुन्निवा वाकली, डोळे मिटले आणि सुई बाहेर फिरवू लागली. गाणं मोडलं. आवाज जाड झाला, अडखळू लागला, शेवटी घोगरा, ओबडधोबड होऊन बसला. मागे कुणीतरी म्हणालं, बिघडवली. तिनं डोळे उघडले. हाच. पण खरं काय ते लाकूडच सांगणार होतं.

मेळ्याचा रिवाज होता, जिवंत झालेल्या करवतीची पहिली चकती घरच्याच माणसानं कापायची. ओंडका तयार होता, साल ओली, चिकानं चकाकणारी. सगळे आर्नफिनकडे पाहू लागले. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण होतं, हातात मोजे होते. सुन्निवानं धडधडती करवत उचलली. तिच्या वजनानं खांदे खाली आले, आणि त्या वजनानं तिला असं काही सुख झालं, की क्षणभर ती कुणाला द्यायची आहे हेच ती विसरली. मग तिनं ती भावापुढे केली.

आर्नफिननं हात पुढे केले नाहीत. त्यानं शिरस्त्राण काढलं आणि तिच्या डोक्यावर बसवलं, लहान मुलीला टोपी घालावी तसं नीट, हनुवटीखालचा पट्टाही लावला. मग तो मागे गेला, चांगला लांब, कुंपणापर्यंत.

सुन्निवानं विचार केला नाही. पाय रोवले, करवतीचे दात सालीला टेकवले आणि खटका दाबला. घोगरा आवाज लाकडाला भिडला, एकदा अडखळला, आणि मग मोकळा झाला. भरदार, सलग, खालून वर चढत गेलेला. भुसा तिच्या बुटांवर पिवळा बरसला. डिंकाचा वास उठला. तोरगेर काहीतरी ओरडत होता, लोक ओरडत होते, तिला फक्त हातातलं गाणं ऐकू येत होतं. ते आता कानांतून नाही, मनगटांतून, कोपरांतून, छातीतून येत होतं. चकती गवतावर पडून गरगरत थांबली.

तिनं करवत बंद केली. हसू आवरत नव्हतं. पिस्टन शाबूत होता. तोरगेर तिच्या पाठीवर थापा मारून निघून गेला, सगळ्यांना सांगत सुटला की हे आपल्याला आधीपासून ठाऊक होतं.

आर्नफिन सगळ्यांत शेवटी आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“तुझ्या हक्काची होती रे चकती,” सुन्निवा म्हणाली. “दोन हिवाळे तूच खपलास. मग घेतली का नाहीस?”

त्यानं मोजे काढले. एकात एक घातले, पुन्हा वेगळे केले.

“उघडी असली की मला ती आवडते,” तो म्हणाला. “सुटी, टेबलावर मांडलेली. सुरू झाली की भीती वाटते गं. पहिल्या दिवसापासून वाटते. बाबा माझ्या हातात द्यायचे ना, तेव्हा रोज सकाळी वाटायचं, आज तरी त्यांनी तुला हाक मारावी.”