काळ्या प्लास्टिकखालचा निळा रंग

मेंढपाळाच्या पोरीला वास येत नाही, असं म्हणणारा अजून जन्माला यायचाय. मोहिनी नसरापूरच्या शाळेत होती तेव्हा बाकावरच्या मुली नाकाला रुमाल लावून सरकून बसायच्या. तिनं सुगंधी साबणाच्या वड्याच्या वड्या झिजवल्या. पण जो वास स्वतःला कधी जाणवलाच नाही, तो गेला की नाही हे कळणार कसं?

त्याच मोहिनीची आता पुण्यात पीएच.डी. संपत आली होती. काचेची चपटी पेटी, तिच्यात पाणी, पाण्यात तिनं बनवलेली पिवळट पूड आणि पंपानं सोडलेली साधी हवा. वरून ऊन पडलं की पुडीच्या मदतीनं हवेतला नायट्रोजन आणि पाणी मिळून अमोनिया व्हायचा, म्हणजे युरियाचं मूळच. ना कारखाना, ना धूर. प्रयोगशाळेत दिव्याखाली तो जेमतेम मिळाला होता. खऱ्या उन्हात काय होतंय ते बघायला तिनं वरवे बुद्रुकला कुंडलिक तात्यांच्या पडीक रानात पेटी मांडली. राखणीला तिचे वडील, बिरूआबा, होतेच.

पहिल्याच आठवड्यात तिनं नमुन्यात औषध घातलं आणि नळी गर्द निळी झाली. निळं म्हणजे अमोनिया, तोही प्रयोगशाळेच्या कितीतरी पट. तिचे सर रानात एकदाही फिरकले नव्हते, पण फोनवर हरखून गेले. "कंपनीची माणसं बोलावतो. डॉक्टरेट झालीच समज, आणि पुढची नोकरीही."

मोहिनीला मात्र एक तपासणी राहिल्याचं टोचत होतं. तिनं तशीच दुसरी पेटी काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून शेजारी ठेवली. ऊन नाही तर अमोनिया नाही, इतका साधा हिशेब. संध्याकाळी त्यातलं पाणी तपासलं. तेही तितकंच निळं झालं.

तिची नजर पंपाकडं गेली. पंप बांधाजवळची हवा ओढत होता आणि बांधालगतच आबांची मेंढरं रात्री जाळीच्या कुंपणात बसत होती. एरवी एका रानात दोन-तीन रात्री मेंढरं बसवली की कळप पुढं जायचा, खतासाठी शेतकरी वाटच बघत असायचे. यंदा आबांनी सगळ्यांना नाही म्हटलं. पोरीच्या काचेला कुणी दगड मारू नये म्हणून कळप तिथंच धरून ठेवला. मुतानं भिजलेल्या जमिनीतून अमोनिया उठत होता आणि थेट पेटीत उतरत होता. परक्या माणसाच्या नाकाला तो झोंबला असता. मोहिनीला राग आला तो स्वतःच्या नाकाचा.

तिनं सरांना फोन करून झाकलेल्या पेटीचं सांगितलं. "मेंढरं हलवते, सर. पुन्हा मोजू."

"नको. दिवसा चरायलाच जातात ना? कंपनीचे पाहुणे दुपारी येतील. ते येऊन जाऊ देत, मग बघू."

सर पाहुण्यांना घेऊन आले. आबा धुवट पटका बांधून बाजूला उभे होते. चहाचं आधण चुलीवर होतं. मोहिनीनं दोन्ही नळ्या समोर धरल्या. "ही उन्हातल्या पेटीची. ही काळ्या प्लास्टिकमधली. आमच्या पुडीनं काहीच बनवलेलं नाही. हा मेंढरांचा अमोनिया आहे."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि गाडी गाठली. सरांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

"इतका उग्र वास! तुला आला नाही?"

"नाही सर. मी यातच वाढले."

"दुसरा मार्गदर्शक शोध," एवढं बोलून तेही गेले. तेल गेलं, तूप गेलं, हाती आलं धुपाटणं. इथं धुपाटण्याच्या जागी निळ्या नळ्या होत्या, एवढाच फरक.

"मानसं च्या न पिताच गेली गं," आबा म्हणाले. "मशीन बिगाडलं काय?"

खोटं सांगावं असं तिला फार वाटलं. पण आता खोट्यालाही उशीर झाला होता. "मशीन मुळात चालतच नव्हतं, आबा. आपल्या मेंढरांच्या वासानं आकडा चुकला."

आबांनी जाळीकडं पाहिलं. ओशाळून त्यांनी पटका सोडला.

"आदीच सांगायचं व्हतंस, पोरी. आमी लांब बसलो आस्तो. लांब बसायला आमाला कुठं जड जातंय?"

आणि ते वाकून जाळीच्या मेखा उपटायला लागले.