दोन वरंब्यांवरचं दार

मी ड्रोन बोलतोय. ‘जरा स्वस्थ बस’ असं मला म्हणू नका. बसणं हेच माझं दुखणं आहे. वर गेलो की मला कशाचीच भीती वाटत नाही. जीव टांगणीला लागतो तो खाली येताना. पाय बोटभर उंचीचे, त्यात साधं ढेकूळ आडवं आलं तरी मी कोलमडतो आणि पाती मोडून घेतो.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. डोळे उघडले ते सदलग्यात, कुंथुनाथ आप्पांच्या सोप्यात. त्यांच्या थोरल्या मुलानं, अरिहंतनं, मला मागवलं होतं. सुरुवातीला काय थाट होता माझा! सगळी गल्ली माना वर करून बघायची. मी डोक्यावर आलो की बायका पदर सावरतात आणि पुरुष पोट आत घेतात, हे मला तेव्हाच कळलं.

मग एकदा अरिहंतनं मला नदीकाठी उडवलं. खाली सगळे दगडधोंडे, उतरायला जागा नाही, म्हणून त्यानं मला हातानंच धरलं. पात्यानं बोट चिरलं, टाके पडले. आप्पांनी मला कपाटात घातलं ते घातलंच. अरिहंत बेंगळूरला नोकरीला गेला आणि मी स्वेटरांखाली पडून राहिलो. नुसती चिडचिड व्हायची. माझ्या दोन बॅटऱ्या तिथंच फुगून कामातून गेल्या; एक तेवढी तगली.

मला बाहेर काढलं ते राजश्रीनं, अरिहंतच्या धाकट्या बहिणीनं. निपाणीच्या एका स्टुडिओत ती काम शिकत होती. शेजारच्या गावच्या जैनांच्या पंचकल्याण पूजेचं शूटिंग तिला मिळालं होतं, स्वतःच्या नावावरचं पहिलंच. पूजेचा मांडव रानात घातला होता, म्हणजे उतरायला पुन्हा ढेकळंच, आणि आप्पा काही हो म्हणेनात. शेवटी ते म्हणाले, “शेतात उडवून दाव. नीट उतरलं तर उद्या जा. न्हायतर परत कपाटात.”

शेतातला ऊस नुकताच तुटून गेला होता. जिकडंतिकडं सऱ्या-वरंबे, टोकदार खोडकी आणि पाचट. पाण्याच्या मोटारीच्या खोलीपुढं तेवढी अंगणभर सपाट जागा होती. राजश्रीनं मला तिथं ठेवलं. तिच्या आईनं, चंदनाबाईंनी, मला हळदकुंकू लावलं आणि पुढ्यात मूठभर साखर ठेवली. ट्रॅक्टर येवो की मिक्सर, त्यांच्या घरची ती रीत. माझा मान राहून गेला होता, तो आज मिळाला म्हणून मी खूश. मी उडालो तशी थोडी साखर पसरली, थोडी तिथंच राहिली. तिच्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

वरून दूधगंगा दिसली, बस्तीचं, म्हणजे जैन देवळाचं, शिखर दिसलं. मी हुंदडत होतो. पण कपाटात राहून बॅटरी म्हातारी झाली होती, ती भराभर उतरायला लागली. बॅटरी संपत आली की जिथून उडालो तिथंच आपोआप परतायचं, असं माझ्या पोटात भरून ठेवलंय. मी वळलो. खाली बघतो तर त्या सपाट जागेवर काळ्या मुंग्यांचा बाजार भरलेला.

आप्पांनी ते आधीच बघितलं होतं. पाणी गाळल्याशिवाय न पिणारा माणूस तो. राजश्रीजवळ येऊन ते हळूच म्हणाले, “मुंग्या हायत गं. तिथं उतरवू नगंस.”

“आप्पा, बॅटरी संपत आलीया. ते आपोआप तिथंच चाललंय.”

राजश्रीनं क्षणभर माझ्याकडं बघितलं, क्षणभर मुंग्यांकडं. मग अंगठ्यानं रिमोटची दांडी दाबून तिनं मला बाजूला ओढलं, सऱ्यांवर. माझ्या पोटातली आज्ञा म्हणे खाली चल, तिचा अंगठा म्हणे थांब. मी नुसता थरथरत होतो. उद्याचं काम गेलं असंच तिनं धरलं असावं, कारण तिचे डोळे भरले होते.

चंदनाबाई दोन्ही हात पसरून माझ्याखाली धावल्या. आप्पांनी त्यांना मागं ओढलं, पोराचं बोट आठव म्हणाले, आणि स्वतः मोटारीच्या खोलीकडं पळाले. त्यांना पळताना मी तोवर बघितलं नव्हतं. खोलीचं दार बुटकं, खुंट्यांवर बसवलेलं, उचललं की निघणारं. ते घेऊन आले, पण लगेच ठेवतील तर ते आप्पा कसले! मी वर घायकुतीला आलेलो आणि हे वाकून टॉवेलनं वरंबा झाडतायत, खाली एखादा जीव आहे का बघतायत. मग दार दोन वरंब्यांवर आडवं टाकलं. एक कोपरा डुगडुगत होता. त्याखाली ढेकूळ सरकवलं, तळहातानं दाबून बघितलं, आणखी एक सरकवलं.

“हं, आण आता,” असं म्हणून ते बाजूला झाले.

मी सरळ उतरलो. बाजूचं पाचट उडालं, दार काही हललं नाही. पाती थांबली तेव्हा मला पहिल्यांदाच बसल्याचं बरं वाटलं.

उद्याचं विचारायचा धीर राजश्रीला होईना. तिनं दाराची एक बाजू धरली आणि म्हणाली, “परत बसवूया न्हवं, आप्पा?”

“ऱ्हाऊ दे. उद्या तिकडं बी रानातच उतरवायचं न्हवं? गाडीला बांध ते.”

तेव्हापासून दार आमच्याबरोबर फिरतं, आणि मोटारीच्या खोलीला दाराच्या जागी पोतं लटकतंय. बॅटरी नवी आली, माझा एक पाय जरा लंगडा झालाय. स्वस्थपणा काही आला नाही. आताही पाती फिरायला लागलीयत आणि मला जायचंय. एवढंच सांगतो: कुणाला वर पाठवाल तर नुसतं मान वर करून बघत बसू नका. त्याला उतरायला जागा करून ठेवा.