तिथीच्या पाऊणपट

"काका, आहात ना? सगळ्यांनी साइन केलं, तुमचंच राहिलंय. पहिलं नाव तुमचं हवं!"

बाबांच्या कॉम्प्युटरमधून आवाज आला, तेव्हा मी त्यांची औषधं पिशवीत भरत होते. कॉम्प्युटर मीच सुरू केला होता, त्यांची खाती बंद करायची म्हणून.

"मी इला. त्यांची मुलगी."

"अरे, हाय! मी कुश, सनीव्हेलहून. काका झोपलेत का? त्यांना सांगा ना, ओपन लेटर उद्या पोस्ट करतोय. साडेचार हजार सह्या झाल्या. यार, काय गेम होता आणि त्याची काय वाट लावली!"

"कुश, बाबा गेले. तीन आठवडे झाले."



बाबा हर्णैला बंदराच्या कचेरीत कारकून होते. बत्तीस वर्षं रोज सकाळी भरती-ओहोटीच्या वेळा फळ्यावर लिहायच्या, हे त्यांचं काम. आई गेल्यावर मी त्यांना इकडे अमेरिकेत, बेलव्ह्यूला आणलं. पहिल्याच रविवारी सिॲटलच्या धक्क्यावर नेलं. त्यांनी बोटांच्या पेरांवर तिथी मोजली, तिची पाऊणपट केली आणि भरतीची वेळ सांगितली. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, असा तो कोकणातला हिशोब. सांगितलेल्या वेळी पाणी पार खाली होतं.

"इथला समुद्र वेगळा आहे," ते म्हणाले. पुन्हा तिकडे न्यायला त्यांनी सांगितलं नाही.

मी दिवसभर ऑफिसात. गाडी त्यांना चालवता येत नव्हती. वेळ जावा म्हणून मी त्यांना साल्टस्टेप नावाच्या छोट्या स्टुडिओचा एक गेम लावून दिला. त्यात एक धक्का, समोर बेट आणि एक म्हातारा होडीवाला. खऱ्या घड्याळाप्रमाणे भरती आली, की मगच होडी सुटायची. तोवर बसून राहायचं. तिसऱ्या दिवशी त्यांचा ऑफिसात फोन आला.

"इला, यांच्या पाण्याला पाऊणपट लागू पडते गं!"

"बाबा, मीटिंगमध्ये आहे. नंतर बोलू."

नंतर आम्ही बोललो नाही. त्यांनी स्टुडिओला ईमेल केली. तिथे चारच माणसं होती. त्याच दिवशी उत्तर आलं: आम्ही पाणी खऱ्या चंद्राशी जोडलंय, बोटांवर मोजून ते ओळखणारे तुम्ही पहिले. त्यांच्या दुसऱ्या गेममध्ये होडीवाला पेरांवर मोजू लागला. तो काय मोजतो, हे बाबांनी गेम खेळणाऱ्यांच्या फोरमवर समजावलं. कुठकुठली माणसं तिथी मोजायला लागली. त्यांतलाच कुश, तो त्यांना काका म्हणायला लागला.

मग स्टुडिओ विकला गेला, ती चार माणसं बाहेर पडली. तिसऱ्या गेममध्ये होडीवाला पेरं मोजतो, पण बटण दाबलं की पाणी लगेच चढतं. फोरमवर शिव्यांचा पाऊस पडला. बाबांनी एकही शिवी लिहिली नाही. ते रोज वेळ टिपून स्टुडिओला कळवत: महोदय, काल सप्तमी होती, पाणी सव्वापाचला भरायला हवं होतं, कृपया तपासावे. अशा अकरा ईमेल्स.

हॉस्पिटलमध्ये त्यांनी विचारलं, "उत्तर आलं का गं?"

"येईल," मी म्हणाले. चंद्रच काढून टाकलाय, हे मी फोरमवर वाचलं होतं.

"मी सांगणार होतो काकांना," कुश आता म्हणाला. "की हा बग नाहीये, मुद्दाम केलंय. पण ते म्हणायचे, कुश, पोरं नवीन असतील, शिकतील. मग हिंमतच झाली नाही."

"माझीही नाही झाली."

"लेटरमध्ये लिहिलंय, तुम्ही आम्हाला फसवलंत. काकांचं नाव घालू ना? प्लीज."

"नको. त्यांनी तक्रार केली नव्हती, कुश. चूक कळवली होती."

मग तो म्हणाला, "आज तिथी कुठली?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. त्यातल्या तिथी बाबांनी पेन्सिलीने इथल्या वेळेप्रमाणे दुरुस्त केल्या होत्या. थेट डिसेंबरअखेरपर्यंत.

"षष्ठी."

"सहाची पाऊणपट... साडेचार. पंचवीस मिनिटं आहेत. दुसरा गेम लावता?"

मी लावला. त्यानेही तिकडे लावला असावा. मी बाबांच्या खुर्चीत बसले. त्यांची उशी पाठीला जरा खालीच लागत होती.

होडीवाल्याचा अंगठा करंगळीवरून अनामिकेवर आला आणि तिच्या शेवटच्या पेरावर थांबला. साडेचारला पाणी वरच्या पायरीला लागलं. म्हाताऱ्याने दोर सोडला, धक्क्याकडे एकदा पाहिलं, थोडा थांबला आणि रिकामीच होडी घेऊन निघाला.