कुंपणावरचा शेवगा

ज्या वर्षी पैशाचं मोल पाण्यात गेलं आणि जकार्तातली बांधकामं अर्ध्यावर थांबली, त्या वर्षी आमच्या वस्तीतली पोरं काट्यावर हलकी भरायला लागली. काटा माझ्याच ओसरीत टांगलेला असायचा. दर महिन्याला आया पोरं घेऊन यायच्या, मी पोराला झोळीत घालायची, आकडा बघायची आणि दवाखान्याच्या कार्डावर टिंब द्यायची. टिंबं जोडून रेघ व्हायची. रेघ हिरव्या पट्ट्यात असली की आई खूश, पिवळ्यात उतरली की माझ्याशी भांडण. जसा काही काटा मी माहेरून आणला होता.

बाकी माझा धंदा तेंप्याचा. सोयाबीन शिजवायचं, मुरवायचं, केळीच्या पानात बांधून वड्या विकायच्या. सोयाबीन यायचं परदेशातून, त्याचा भाव असा भडकला की माझ्या वड्या महिन्यागणिक बारीक होत गेल्या. "जुमिलाह, ही वडी आहे का साबणाची चिपटी?" असं कुणी म्हटलं की मी म्हणायची, "खा, तोंड तरी स्वच्छ होईल." पण बाई गेली की मलाच वाईट वाटायचं. चुकीचं बोलत नव्हतीच ती.

शेजारच्या घरात म्बोक सामिकेम. वयानं मोठ्या बाईला आम्ही मानानं म्बोक नाहीतर बू म्हणतो, पुरुषाला पाक. पन्नाशी उलटलेली, काटक, तोंडाची फटकळ. वस्तीत कुणी बाई गेली की तिला शेवटची आंघोळ घालायची ती म्बोकनंच. त्यासाठी शेवग्याचा पाला ती माझ्या कुंपणावरून न्यायची. आमच्याकडे शेवगा त्याच्यासाठीच. मेलेल्याच्या अंगात काही मंतरलेलं असेल तर त्या पाल्याच्या पाण्यानं ते सुटतं, असं सगळेच मानायचे. जिवंत माणसाच्या ताटात तो घालायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

म्बोकचा मुलगा तार्जो कधीकाळी लोंबोक बेटावर हॉटेल बांधायला गेला होता, तो तिथून बायकोच घेऊन आला. रैहानुन तिचं नाव. त्यांची सेकार दीड वर्षाची. काम बंद पडल्यापासून तार्जो जकार्तात मिळेल ते ओझं उचलायचा आणि जमेल तेवढं पाठवायचा. तेवढ्यात तीन पोटं भरायची होती, आणि सेकारची रेघ पिवळा पट्टा सोडून लाल रेषेला टेकली होती. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगून ठेवलं, "आता पुढच्या महिन्यात खाली गेली तर शहरातल्या इस्पितळात न्या." शहरात नेऊन तिथं राहायचं म्हणजे किती पैसा लागतो, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

रैहानुनसारखी पैसा पुरवून वापरणारी बाई मी पाहिली नाही. भाजीवाल्याच्या गाडीभोवती आम्ही बाया गप्पा छाटत असायचो, ती मागे उभी राहायची. सगळ्यांची खरेदी झाली की उरलेली, चेचलेली केळफुलं, पपईचा पाला उचलायची. बाजार उठताना जाऊन माशांची डोकी आणायची. शेजारच्या गल्लीत टोफू करायचे, तिथला चोथा मिठाच्या मोलानं मिळायचा. त्यात एक अंडं फोडून ती तिघांसाठी वडे करायची. आज मासळीचं पाणी, उद्या चोथा, परवा अंडं, असा आठवडा तिच्या डोक्यात तयार असायचा. तरी पोरीचे हात काडीसारखेच.

एक दिवस काट्यावरून सेकारला उतरवताना ती मला म्हणाली, "बू जुमिलाह, तुमच्या कुंपणावर एवढं अन्न उभं आहे आणि आपण चेचलेली केळफुलं कसली शोधतोय?"

"कसलं अन्न?"

"शेवगा. आमच्याकडे रोज रस्सा करतात. बाळंतिणीला देतात, पोराला पहिल्या घासाबरोबर देतात."

मी चहूकडे बघून घेतलं. "हळू बोल गं बाई. सासूनं ऐकलं तर तुलाच शेवटची आंघोळ घालेल."

"मी विचारलं त्यांना. म्हणाल्या, माझ्या घरात मढ्याचं पाणी शिजणार नाही."

मला पटलं नाही आणि पटलंही. आईशप्पथ, मी स्वतः कधी तो पाला जिभेला लावला नव्हता. पण नर्सबाईंनाही मी एकदा विचारलं होतं, तर त्या म्हणाल्या होत्या की पाला चांगलाच, पण तुमच्या बायकांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं. मी रैहानुनला म्हटलं, "झाड माझं आहे. तोडताना मी काही बघितलं नाही."

मग ती रोज पहाटे मूठभर पाला तोडायची, बारीक चिरून चोथ्याच्या वड्यात लपवायची. सेकार मिटक्या मारत खायची. गंमत म्हणजे म्बोकही खायची. एकदा तर माझ्यासमोर चौथा वडा उचलत म्हणाली, "आज हिच्या हाताला चव आली बघ. पालक घातलास काय गं?" रैहानुननं हो म्हणून मान हलवली. मी घाईघाईनं पाण्याचा पेला तोंडाला लावला.

असं खोटं किती दिवस टिकणार? म्बोक एकदा चुलीमागची राख भरायला गेली आणि तिला पाला ओरबाडलेल्या काड्या सापडल्या. तो पाला तिनं आयुष्यभर हाताळलेला. काडीवरूनच ओळखला. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिनं वड्याचं पातेलं उचललं, मागच्या दारी नेऊन उपडं केलं, तोंडात बोटं घालून ओकली, आणि कोयता घेऊन सरळ माझ्या कुंपणाशी आली.

मी सोयाबीन पाखडत होते. खाटखाट आवाज आला म्हणून बाहेर आले तर झाड आडवं. कमरेएवढा बुंधा तेवढा उभा होता.

माझं डोकंच फिरलं. "म्बोक, झाड माझ्या दारातलं आहे, तुझ्या सासऱ्यानं लावलं नव्हतं."

"मग तू गप्प का बसलीस?" ती धापा टाकत म्हणाली. "माझ्या नातीच्या पोटात मढ्याचं पाणी जात होतं आणि तू मजा बघत होतीस."

"जात होतं म्हणून तर पोरगी चार दिवस हसतेय. तुला कसली भीती आहे सांगू? गाडीपाशी बाया बोलतात ते खरं दिसतंय. तारुण्यात रूप खुलावं म्हणून चेहऱ्यात मंतरलेली सोन्याची सुई टोचून घेतली असशील, पाला पोटात गेला की तिची जादू उतरेल."

"सुई टोचून घेतली असती तर असलं तोंड राहिलं असतं होय माझं?" म्बोक म्हणाली. पण हसली नाही.

रैहानुन सेकारला कडेवर घेऊन आली होती. ती कुणाशीच भांडली नाही. पोरीला माझ्या हातात दिलं, आडव्या झाडाशी बसली आणि फांद्यांवरून पाला ओरबाडून पदरात घ्यायला लागली. मग मान वर न करता म्हणाली, "म्बोक, तुमच्या घरात शिजवायचा नसेल तर नका शिजवू. मी हिला घेऊन माझ्या आईकडे जाते. इथं राहून ही मरेल."

त्यावर म्बोक मटकन खालीच बसली. कोयता बाजूला पडला.

"मेली ना एक," ती म्हणाली. "तुझ्या नवऱ्याच्या आधीची. ङातिनी."

तीस वर्षं शेजारी राहिले मी, पण हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

"उंदरांनी शेतं खाल्ली ते साल. नुसत्या कसाव्याच्या कंदाच्या पिठावर होतो आम्ही. तिचं पोट फुगलं, केस तांबडे झाले. एवढीच होती, सेकारएवढी. माझ्या आयुष्यातलं पहिलं मयत मी धुतलं ते तिचं. दारातच झाड होतं. या हातानं पाला तोडला आणि तिच्या पाण्यात टाकला." तिनं आपले हात उताणे करून पाहिले. "आता ही समुद्रापलीकडून येते आणि म्हणते, आमच्याकडे हा पाला पोराला पहिल्या घासाबरोबर देतात. जुमिलाह, तू वजनं करतेस, तुला कळतं. हे अन्न असेल, तर माझी ङातिनी कशानं मेली?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे आम्ही दुसऱ्याला हसत हसत म्हणतो. या बाईच्या काखेतल्या कळशाशेजारी तिची मुलगी तहानेनं गेली होती.

रैहानुन म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, म्बोक."

"झाड दारात होतं," म्बोक म्हणाली, आणि पुढे तेच ते पुन्हा म्हणत राहिली. मग मला रडू आवरेना. सेकार माझ्या कडेवर होती, ती माझ्या गालावरचं पाणी बोटानं पुसून चाटत होती.

त्या संध्याकाळी चूल पेटली ती म्बोकच्याच घरात. पाला रैहानुननं शिजवला. म्बोक पाठ करून बसली होती, पण उठून गेली नाही. उरलेला पाला त्यांनी सावलीत वाळवून डब्यात भरला. पुढच्या वजनाला म्बोक पहिल्यांदाच स्वतः आली आणि काट्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. रेघ लाल रेषेच्या वर आली होती. फार नाही, पण इस्पितळ टळलं होतं.

"पाल्यानं?" तिनं विचारलं.

"काटा वजन सांगतो, म्बोक. कशानं ते सांगत नाही."

"तू तरी सांग."

"पाल्यानं," मी म्हटलं. ती मान हलवून घरी गेली आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

डब्यातला पाला संपत आला तोवर बुंध्याला कोवळे धुमारे फुटले. रैहानुन ते रोज जपून खुडायची, आणि एवढासाच रस्सा व्हायचा, एका पोरीपुरता.

अशातच लाकडाच्या वखारीवाले पाक मुज्योनो यांची आई वारली. सकाळी ते स्वतः म्बोकला बोलवायला आले. मोठं घर, शिवाय वस्तीतल्या अर्ध्या गड्यांना काम देणारे. अंगणात उभे राहून म्हणाले, "म्बोक, चला. दुपारच्या नमाजाआधी दफन आहे. पाल्याचं तेवढं बघा, दुसरं झाड नदीपलीकडे आहे, आणि पूल वाहून गेलाय."

रैहानुन उंबऱ्यात सूप घेऊन बसली होती. सुपात त्या दिवसाचा पाला, जेमतेम मूठभर. पाक मुज्योनोंनी तो पाहिला. "हा चालेल की. एवढा पुरे होईल."

रैहानुननं सूप छातीशी धरलं नाही, मागेही ओढलं नाही. सासूकडे बघत राहिली. मीही कुंपणाशी येऊन उभी होते. म्बोकला त्या घरातून तांदूळ मिळणार होते, जेवणाची टोपली मिळणार होती, नवं कापड मिळणार होतं. आणि पाल्याशिवाय धुतलं अशी बोंब झाली असती, तर पुढे कुणी बोलावलं नसतं.

"हा नाही देता येणार," म्बोक म्हणाली.

"का?"

"आमच्या घरात खातात तो."

पाक मुज्योनोंना ते ऐकून काय वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. "खाता? हा?" त्यांचा आवाज चढला. "आणि माझी आई कशानं धुवायची?"

"पाण्यानं. मी तिला पाण्यानं आणि साबणानं स्वच्छ धुते. तुझी आई सरळ बाई होती, तिच्या अंगात सोडवायला काही नाही. मला माहितीये, आम्ही बरोबर धान लावलंय."

त्यांनी सुपातल्या पाल्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाले, "चला."

ती गेली. लोक पुष्कळ बोलले. टोपली मिळाली, कापड मिळालं नाही. पुढच्या मयताला नदीपलीकडची बाई बोलावली, तेही मी सांगून टाकते.

पण त्या दुपारी ती परत आली तेव्हा मी त्यांच्याच चुलीशी बसले होते. तिनं मागच्या दारी हात राखेनं घासले, धुतले, पुन्हा घासले. आत येऊन सेकारला मांडीवर घेतलं. रैहानुन पुढे झाली, तर तिनं वाटी तिच्या हातातून काढून घेतली, हिरव्या रश्शात भात कालवला आणि पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला. बराच वेळ चावला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली, आणि पोरीला भरवायला लागली.